नाक्यावर उभी असलेली माणसे



द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला दर तीन वर्षांनी सप्टेंबरच्या सुमारास रविवारच्या वाचनात येतो आणि दर तीन वर्षांनी मिस्सेनंतर कोणी ना कोणी आम्हांला चर्चच्या दारात गाठून म्हणते, "फादर, आजचे शुभवर्तमान काही पटले नाही बघा." तक्रार आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पहाटे आलेला मजूर दिवसभर उन्हात राबला, संध्याकाळी पाच वाजता आलेल्याने तासभर हात हलवले, आणि धन्याने दोघांच्या हातावर सारखाच रोज ठेवला. वाडीत माणसे लावून काम करून घेणाऱ्या आपल्या लोकांना हा हिशेब खुपतो, यात नवल नाही. आज असे केले तर उद्या पहाटे वाडीत येईल कोण?

ह्या तक्रारीला उत्तर पुष्कळदा दिले गेले आहे. देवाची कृपा मापात येत नाही, हे खरेच. पण यंदा दाखला वाचताना आमचे मन मजुरीच्या आधीच एका जागी अडकले. धनी संध्याकाळी पुन्हा चौकात जातो. तेथे अजून काही माणसे उभी आहेत. तो त्यांना विचारतो की दिवसभर तुम्ही येथे रिकामे का उभे आहात. ती म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. धनी ते खरे धरतो आणि त्यांना मळ्यात पाठवतो. सकाळी उशिरा उठलात का, काल प्यायला होता का, दुसऱ्या चौकात का गेला नाहीत, यातले तो काहीच विचारत नाही.

तोच प्रश्न आपणही गरीब माणसाला विचारतो. मात्र उत्तर ऐकण्याआधीच ते आपल्याला ठाऊक असते.

आपल्या चर्चवरून स्टेशनकडे जाताना नाका लागतो. सकाळी सातपासून तेथे माणसे उभी राहतात. पुरुषांच्या हातात थापी, रंगाचा ब्रश किंवा नुसतेच फावडे. बायकांच्या काखेत घमेले, कधी कडेवर मूल. भात झोडून झाले, दिवाळी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची वारली आणि कातकरी कुटुंबे वसईत उतरतात. मराठवाड्यातले असतात, उत्तरेकडचे असतात. आठ-साडेआठपर्यंत मुकादम, मिस्त्री आणि आपल्यातलेही काही जण येऊन हवी तेवढी माणसे घेऊन जातात. धट्टेकट्टे आधी जातात, म्हातारे आणि लेकुरवाळ्या बायका मागे राहतात. दहा वाजता जे उरतात त्यांचा दिवस बुडाला. आपण सकाळच्या मिस्सेहून परतताना ज्यांना पाहतो ते हेच उरलेले. तोवर ते खरोखरच रिकामे बसलेले असतात, तंबाखू मळत असतात, आणि आपण मनात म्हणतो, बघा, काम करायला नको.

आता एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती आमच्या मोठेपणाची नाही. मागच्या प्रायश्चित्तकाळात त्या नाक्यावरची एक बाई ऑफिसात आली. आपली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी तांदूळ, डाळ, तेल देते हे तिने कोणाकडून तरी ऐकले होते. पूर्वी एकदोघांनी दोनदा धान्य नेले, म्हणून आम्ही एक फॉर्म तयार केला आहे. घर स्वतःचे की भाड्याचे, रेशनकार्ड पिवळे की केशरी, कमावते किती, टीव्ही आहे का, घरात कोणी दारू पितो का. आम्ही एकेक प्रश्न वाचत गेलो. शेवटच्या प्रश्नावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पितो. ह्याला हो म्हटलं की तांदूळ मिळत नाही असं बाया सांगत होत्या. पण देवाच्या घरात खोटं कशाला सांगू?" मग तिने विचारले की चर्चमध्ये, शाळेत, कोणाच्या वाडीत काही काम असेल तर सांगा, मग तांदळाचे राहू द्या. आम्ही म्हटले, बघू.

फॉर्म समितीपुढे गेला. नवरा पितो, म्हणून 'विचारार्थ' असा शेरा पडला. तिसऱ्या आठवड्यात धान्य द्यायचे ठरले. आमचे कार्यकर्ते पिशवी घेऊन गेले तेव्हा ते कुटुंब खोली सोडून गेले होते. शेजारणीला पत्ता माहीत नव्हता.

समितीला आम्ही दोष देत नाही. फॉर्मचा मजकूर आमच्याच हातचा आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न आमचा पाठलाग करतो आहे आणि तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत. गरिबाला मदत करताना त्याची पात्रता तपासण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि तपासायचेच नाही, तर मूठभर तांदूळ पुरवायचे कसे?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठीचा कायदा बदलला तेव्हा राज्यकर्त्यांनी त्याला एक कठोर उत्तर शोधले. मदत हवी असेल त्याने वर्कहाऊसमध्ये येऊन राहावे. तेथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहून हलाखीचे ठेवायचे, नवरा-बायकोला वेगळे ठेवायचे, म्हणजे ज्याला अगदीच गत्यंतर नाही तोच येईल. चौकशी करण्याची गरजच उरली नाही, अपमान हीच चौकशी झाली. आपल्या फॉर्ममधला दारूचा प्रश्न त्याच वंशाचा आहे, असे आता आम्हांला वाटते.

दुसरे उत्तर आपल्या महाराष्ट्राने दिले, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. ज्यांना 1972 चा दुष्काळ आठवतो त्यांना रेशनवरचा तो लाल मिलो आठवत असेल. देशावर त्या वर्षी पीक बुडाले, विहिरी आटल्या. पण त्यातून पूर्वीसारखा मोठा भूकबळींचा अनर्थ झाला नाही. कारण सरकारने गावोगाव कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, नालाबांधणी, पाझर तलाव. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे अशा कामांवर होती. त्याची बीजे त्याआधीच पेरली गेली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ह्यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली भारतातील दारिद्र्यावर जो ग्रंथ लिहिला त्यातही ग्रामीण भागात काम पुरवण्यावरच भर होता. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणे हा खेड्यातल्या प्रौढ माणसाचा कायदेशीर हक्क झाला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारीभत्ता द्यायचा.

ह्या योजनेतली एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावणारी आहे. ती माणसाला तू गरीब आहेस का असे विचारत नाही. रेशनकार्डाचा रंग पाहत नाही, नवरा पितो का हे तिला जाणून घ्यायचे नाही. उन्हात दगड फोडायला जो तयार आहे त्याला गरज आहे, एवढे तिला पुरते. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की अशा योजनेत माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. चौकातल्या माणसाचे म्हणणे खरे धरणे म्हणजे तरी दुसरे काय?

कोणी म्हणेल, हेही वर्कहाऊसच झाले, फक्त उघड्यावरचे. जड काम हीसुद्धा एक परीक्षाच नव्हे का? हा आक्षेप आम्ही बरेच दिवस मनात घोळवला. साम्य आहे, नाकारता येत नाही. पण वर्कहाऊसमधले जिणे मुद्दाम हलाखीचे ठेवलेले होते. रोजगार हमीच्या कायद्यात कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी असे लिहिले आहे. स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी आहे. आणि काम संपल्यावर मागे काहीतरी उरते: तलाव, रस्ता, बांध. आपण केलेल्या तलावात पावसाचे पाणी साठलेले पाहणाऱ्या बाईला कोणाचेही आभार मानावे लागत नाहीत. आपल्याकडे मात्र धान्यवाटपाचे फोटो काढून सूचनाफलकावर लावायची पद्धत आहे. आम्हीही त्या फोटोंत आहोत.

ह्या सगळ्याचा खर्च कोणी केला? येथे आपल्यातील नोकरदारांनी आपली पगाराची स्लिप काढून पाहावी. त्यात व्यवसाय कर म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे एकूण 2500. (दरमहा 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या भगिनींना 2023 पासून तो माफ आहे.) हा कर महाराष्ट्रात 1975 साली सुरू झाला तो रोजगार हमीला पैसा पुरवण्यासाठी. त्याच्या जोडीला मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनींवर अधिभार बसवले गेले आणि जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असे ठरले. म्हणजे विरार लोकलला लोंबकळत चर्चगेटला जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी, त्यांना कल्पनाही नसताना, बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या मजुरांचा रोज भरला. कोणी त्यांच्या पाया पडले नाही. त्यांनीही कोणाला फॉर्म भरायला लावला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1981 साली 'लाबोरेम एक्सेरचेन्स' हे श्रमाविषयीचे परिपत्रक लिहिले. त्यात एक कल्पना आहे जी आम्हांला सेमिनरीत कोरडी वाटली होती आणि आता वाटत नाही: अप्रत्यक्ष मालक. मजुराला प्रत्यक्ष कामावर लावणारा एक मालक असतो. पण त्याच्या मजुरीवर आणि त्याला काम मिळण्या-न मिळण्यावर ज्या सर्व व्यवस्थांचा परिणाम होतो, कायदे, करार, कर, बाजार, आणि त्यात सर्वांत आधी सरकार, ते सगळे मिळून त्याचा अप्रत्यक्ष मालक ठरतात. त्यांच्यावरही न्यायाची जबाबदारी आहे. नाक्यावरच्या त्या बाईला आम्ही कधी कामावर लावले नाही, म्हणून तिचे आमच्याकडे काही देणे निघत नाही, असे आम्हांला वाटत असे. संत थॉमस अक्वायनस सांगतात त्याप्रमाणे ज्याचे त्याला देणे हा न्याय. मग तिचे काय होते आणि ते कोणाकडे होते? धन्याला हा प्रश्न पडलाच नाही. मळा त्याचा, काम त्याच्याकडे, आणि चौकात माणसे उभी. तो दिवसातून पाच वेळा स्वतः चौकात गेला.

रोजगार हमी म्हणजे स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे चढवल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्याहून आम्हांला अस्वस्थ करते ते 1988 साली घडलेले. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली आणि ती जवळजवळ दुप्पट झाली. आपण टाळ्याच वाजवल्या असत्या. पण पैसा त्या प्रमाणात वाढला नाही, आणि पुढे कामांवरची हजेरी घसरली. मार्टिन राव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे की मागेल त्याला काम ही हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात कामाचे रेशनिंग सुरू झाले. पहाटे आलेल्यांना पुरता रोज मिळाला आणि पाच वाजताचे चौकातच राहिले.

ह्याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. पोप तेरावे लिओ ह्यांनी 1891 सालीच 'रेरुम नोव्हारुम'मध्ये स्पष्ट केले होते की मजूर कबूल झाला एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे तिच्यात भागले पाहिजे. म्हणून कमी मजुरीवर जास्त माणसे हा मार्ग आम्हांला पत्करता येत नाही. पण पुरत्या मजुरीवर थोडीच माणसे लावून बाकीच्यांकडे पाठ फिरवणे हेही धन्याने केले नाही. त्याने दोन्ही केले. सर्वांना बोलावले आणि सर्वांना पुरता रोज दिला. त्याचा हिशेब जुळतो तो एकाच ठिकाणी, त्याने स्वतःच्या खिशातून जास्त दिले. पहाटेच्या मजुरांचा एक पैसाही त्याने कापला नव्हता, हे रागाच्या भरात ते विसरतात. आपणही विसरतो.

पुढे 2005 साली देशभरासाठी कायदा झाला, फेब्रुवारी 2006 पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी होती. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस 125 केले आहेत, खर्चाचा 40 टक्के वाटा बहुतेक राज्यांवर टाकला आहे आणि शेतीच्या हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ह्यातून मोखाड्यातल्या माणसाला जास्त काम मिळेल की कमी, हे राज्य किती पैसा टाकते त्यावर ठरेल. दिवस मोजणे सोपे असते. पण तो माणूस गाव सोडून आपल्या नाक्यावर का येतो, हे आम्ही त्यांच्यातल्याच एका जाणत्याला विचारले होते. तो म्हणाला, "फादर, गावात काम निघतं, पण पैसा बँकेत कधी येईल ते कोण सांगणार? नाक्यावर सांजच्याला हातात पडतो." सूर्य मावळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात उगाच आलेली नाही. दाखल्यातला धनीही संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावतो.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा आक्षेप. फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. सरकार दरडोई 5 किलो धान्य मोफत देते, महाराष्ट्रात 2024 पासून लाडक्या बहिणींना महिन्याला 1500 रुपये सुरू झाले, मग कामाला कोण येणार, वाडीत माणूस मिळत नाही. पहिली गोष्ट अशी की 1500 रुपयांचा अर्ज भरण्यासाठी आपल्याही कित्येक भगिनी रांगेत उभ्या होत्या आणि त्यानंतर त्यांच्यापैकी कोणी वाडीतली भाजी दादरला नेणे सोडलेले आमच्या पाहण्यात नाही. दुसरी अशी की ह्याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अभिजित बॅनर्जी, ज्यांना 2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि ज्यांच्या आई मराठी, त्यांनी सहकाऱ्यांसह सहा देशांतील सात रोख मदत योजना तपासून 2017 साली निष्कर्ष मांडला. पैसे मिळाल्यामुळे गरिबांनी काम करणे कमी केले असा पुरावा त्यांना आढळला नाही. संत पौलाचे वचनही ह्या संदर्भात आम्हांला वारंवार ऐकवले जाते, की जो काम करणार नाही त्याने खाऊ नये. बंधूंनो, थेस्सलनीकाकरांना पौलाने लिहिले आहे ते ज्याला काम करण्याची इच्छाच नाही त्याच्याविषयी. ज्याला कोणी कामावर लावले नाही त्याच्याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही.

आळशी माणसे गरिबांत नसतातच असे आमचे म्हणणे नाही. ती श्रीमंतांतही असतात, तेथे त्यांना खुर्ची मिळते.

काम देण्याच्या मार्गाला एक मोठी भोके पडलेली बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. जो दगड फोडू शकत नाही त्याचे काय? म्हातारा, अपंग, दिवस गेलेली बाई, क्षयाने पोखरलेला. आणि हो, दारूने हात कापणारा. येथे आम्हांला संत योहान क्रिझोस्टम आठवतात. चौथ्या शतकात अंत्युखियात लाजरसावर प्रवचने करताना त्यांनी दान देणाऱ्याला बंदराची उपमा दिली. वादळात सापडलेले तारू बंदराकडे येते तेव्हा आत कोण आहे, सज्जन की दुर्जन, हे बंदर विचारत नाही. आपल्यातील कोळी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भर पावसात फुटलेली होडी किनाऱ्याला लागली तर ती कोणत्या गावची हे आपण दोरी फेकून झाल्यावर विचारतो. पोप चौदावे लिओ ह्यांनी 2025 च्या ऑक्टोबरात गरिबांवरील प्रेमाविषयी 'दिलेक्सी ते' हे पत्र प्रसिद्ध केले, त्याचाही रोख असाच आहे.

म्हणून दोन गोष्टी आम्ही ठरवल्या आहेत आणि एक आपल्यावर सोपवत आहोत.

धान्याच्या फॉर्मवरचे दारूचा, टीव्हीचा आणि रेशनकार्डाचा असे तिन्ही प्रश्न ह्या महिन्यापासून काढून टाकले आहेत. नाव, घरात माणसे किती, आणि काम मिळते का, एवढेच राहील. त्यातून काही जण आपल्याला फसवतील. फसू द्या. खऱ्याला तीन आठवडे ताटकळत ठेवण्यापेक्षा ते स्वस्त आहे. वाटपाचे फोटोही आता निघणार नाहीत, ज्यांना फोटोची हौस असेल त्यांनी सणाच्या मिरवणुकीत काढावेत.

तिसरी गोष्ट बावखलाची. चर्चच्या मागचे बावखल गाळाने भरत आले आहे. गेल्या उन्हाळ्यात एप्रिलमध्येच ते कोरडे पडले आणि शेजारच्या तीन विहिरींचे पाणी मचूळ झाले. सणाच्या खर्चातून काही रक्कम शिल्लक आहे. पॅरिश कौन्सिलमध्ये दोन मते आहेत. एक म्हणते जेसीबी आणा, दोन दिवसांत काम होईल आणि उरलेल्या पैशांत धान्याच्या पिशव्या वाटा. दुसरे म्हणते नाक्यावरची माणसे लावा, मे महिन्यात बावखल हातांनी उपसून घ्या. ह्या दुसऱ्या मताचेही पुन्हा दोन भाग. नाक्याचा पुरता रोज द्यायचा तर दहा-बाराच माणसे लागतील, थोडा कमी दिला तर वीस. म्हणजे 1988 साल आपल्या अंगणात आले.

आमचे मत आम्ही लपवत नाही. माणसे लावावीत, वीसच लावावीत, आणि पुरता रोज द्यावा. पैसे कमी पडतील ते पडतील. प्रत्येक कमावत्या व्यक्तीने मार्चपर्यंत व्यवसाय करापुरते, म्हणजे दरमहा 200 रुपये, वेगळे काढले तर मे महिन्यात कोणाला नाक्यावरून परत पाठवावे लागणार नाही. पाकिटावर नाव लिहू नये. ज्यांना 200 जड जातात त्यांनी देऊ नयेत आणि त्यांना कोणी विचारू नये. जेसीबीवाल्यांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नाही. गाळ खाली दगडासारखा घट्ट असेल तर हातांनी निघणार नाही, आणि आम्ही बावखलात उतरून पाहिलेले नाही. कोणा जाणत्या वाडीवाल्याने उतरून पाहावे आणि आम्हांला सांगावे.

येत्या रविवारी, 27 तारखेला, संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांचा सण आहे. दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये सभा होईल. जेसीबीच्या बाजूच्या लोकांनीही अवश्य यावे. नाक्यावरच्या माणसांपैकी दोघांना आम्ही बोलावले आहे, त्यांनी येतो म्हटले आहे, मात्र त्या दिवशी काम मिळाले तर ते येणार नाहीत.